न निवलेला आवा

पूर्वी शाल्मली नगरात राजा धर्मसेन राज्य करीत असता बोधिसत्त्वांनी नगराबाहेरच्या कुंभारवाड्यात जन्म घेतला आणि केस पिकल्यावर ते तिथले मुखिया झाले. मुखिया होणं म्हणजे काय, तर दिवसभर लोकांची भांडणं ऐकायची आणि संध्याकाळी कशीबशी पाठ टेकायची.

त्या वाड्याची एक रीत होती. सगळ्यांची मडकी एकाच आव्यात, राखेने झाकलेल्या भट्टीत, भाजत. आवा निवला की नाही, हे मुखियाने राखेत हात घालून पाहायचं आणि मगच 'उघडा' म्हणायचं. गरम आव्याला वारा लागला की भांडी तडकतात.

उन्हाळ्याच्या तोंडी राजाने पाणपोयांसाठी रांजण मागवले. सगळा वाडा राबला. आवा राखायला गोधक नावाचा कुंभार होता. त्याने विचारलं, "बाबा, उघडू का?" बोधिसत्त्व झाडाखाली टेकले होते. उठायचा कंटाळा आला. त्यांनी बसल्या जागेवरून होकारार्थी मान हलवली.

गोधकाने राख ओढली आणि आत तडातड आवाज सुरू झाले. एकही रांजण धड राहिला नाही.

वाडा खवळला. "याचीच घाई नडली! काढा याला वाड्याबाहेर!"

"अहो, बाबांनी मान हलवली, शपथ!" गोधक कळवळून सांगत होता. पण ते दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं.

"स्वतःची चूक झाकायला मुखियाचं नाव घेतोस? लाज नाही वाटत?"

त्याची बायको रेवा, दिवस भरत आलेली, मुकाट्याने घरातलं सामान बांधू लागली.

बोधिसत्त्व सगळं ऐकत होते. गप्प राहिलो तर निभावून जाईल, असं त्यांच्या मनात आलं. रांजण न्यायला राजाचा अमात्य येणारच होता. या वयात शिक्षा कोण भोगणार? खरंच फार थकवा आला होता. ते कितीतरी वेळ तसेच बसून राहिले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले.

"गोधक खरं बोलतोय. मान मीच हलवली. राखेत हात घातला नाही. बोचकं सोड, पोरी."

रेवा म्हणाली, "मग मघापासून गप्प का होतात, बाबा? माझं सगळं घर बांधून झालं."

"तेही चुकलंच माझं," बोधिसत्त्व म्हणाले.

अमात्य आला तेव्हा त्यांनी त्याला वेशीवरच गाठून सगळं सांगितलं. अमात्याने त्यांचं मुखियापण काढून घेतलं आणि नवे रांजण होईस्तोवर पाणपोयांना कावडीने पाणी घालायला लावलं. भर उन्हात ते पाणी वाहत राहिले. खांदे सोलवटले. कुणी त्यांना धन्य म्हटलं नाही. तहानलेली माणसं पाणी प्यायची आणि वाटेला लागायची.

एवढी कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, समोर बसलेल्या भिक्खूंना सांगितली. मग म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा गोधक म्हणजे हा आपला सुभग भिक्खू. रेवा म्हणजे रोज आपल्याला पेज वाढते ती उपासिका. आणि तो उशिरा उठलेला मुखिया मीच. याला सत्यपारमिता, म्हणजे खरेपणाची पराकाष्ठा, म्हणतात. माणूस कितीही दमलेला असो, ती त्याला चुकत नाही."