शिळकऱ्याचा पाठधोंडा

दाभेवाडीच्या देवराईत शिरलं की कारवीच्या दाट जाळीसमोर हा धोंडा लागतो. जाळीत शिळकरी राहतो. मातीच्या रंगाचं, मुठीएवढं पाखरू. शीळ पोटभर ऐका, पण दिसेल तर शपथ! बघायचाय ना? मग तुमच्यातल्या एकाने जाळीकडे पाठ करून धोंड्यावर बसायचं. हसू नका, रीतच आहे.

असं सांगतात की पूर्वी पेरणीच्या सुमाराला ज्या बाईला शिळकरी सगळ्यांआधी दिसे, तिच्या हातची नाचणीची पहिली मूठ राबात, म्हणजे रोपांसाठी भाजलेल्या जमिनीत, पडे. ठकूबाईने हा मान सात वर्षं राखला होता. आठव्या वर्षी घरात धाकटी जाऊ आली, चांगुणा. पाणी आणता आणता तिला शिळकरी दिसला आणि मान तिच्याकडे गेला. पुढच्या वर्षीही तेच. ठकूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. धाकटीने केलेली भाकरीसुद्धा तिला गोड लागेना. कालची आलेली पोर, तिला दिसतो आणि मला का नाही, हेच दिवसभर डोक्यात.

तिसऱ्या वर्षी ती कोयता घेऊन राईत गेली. जाळी विरळ केली की पाखरू लपेल कुठे, असा तिचा बेत. देवराईतली काडीही मोडायची नाही, हे ती मत्सरापायी विसरली. निम्मी जाळी तुटली आणि शीळ थांबली. शिळकरी कुणालाच दिसेना. सगळ्या गावाची पेरणी अडली.

शेवटी ठकूबाईने देवापुढे कबुली दिली आणि शपथ घेतली, "पुन्हा त्याच्याकडं डोळा वर करून बघायची न्हाई." रोज सकाळी ती जाळीकडे पाठ करून या धोंड्यावर बसू लागली. सोबतीला चांगुणा समोर बसे. पाचव्या दिवशी मागे शीळ वाजली.

"बाई, हलू नका," चांगुणा हळूच म्हणाली. "तुमच्या पदरावर बसलाय."

"म्हंजे तुलाच दिसला शेवटी."

ठकूबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मान वळली नाही. गावाने मान चांगुणेला दिला, तर तिने नाचणीची मूठ थोरल्या जावेच्या हातात ठेवली. "त्यो तुमच्याकडं आला, मी नुसतं बघितलं," एवढंच ती बोलली.

ठकूबाईच्या पोटातली जळजळ मात्र पुरती गेली नाही म्हणे. ती दरवर्षी धोंड्यावर बसून विचारायची, कसा दिसतोय गं?

आजही पहिली मूठ पाठ करून बसलेल्या बाईच्याच हातची असते. आजही ती विचारते, कसा दिसतोय गं? आणि समोरची, पाखरावरची नजर न काढता, चांगुणेने जावेला सांगितलं तेच सांगते, "काय न्हाई बाई, मातीसारखाच."