पिवळा फराटा

सुरुवातीलाच माफी मागतो. माझं ऱ्हस्व-दीर्घ कच्चं आहे. शाळा आठवीत सुटली, त्यामुळे शब्दही साधेच येतात. चुकेल तिथे आपणच सुधारून वाचावं.

एकदा एक वृद्ध छायाचित्रकार आपल्या शिष्याला घेऊन माळावरच्या जुन्या शर्यतीच्या मैदानावर गेला. कधीकाळी तिथे सलग बारा तासांच्या मोटारशर्यती होत. नुसता वेग पुरत नसे. शेवटपर्यंत टिकेल त्याचाच मान. आता शर्यती बंद झाल्या. सुट्टीच्या दिवशी हौशी लोक आपापल्या गाड्या आणून तिथे पळवतात आणि फोटो काढून घेतात.

शिष्याने सकाळी एका व्यापाऱ्याच्या लाल गाडीचे फोटो काढले. व्यापाऱ्याने ते पाहिले आणि चारचौघांत मोठ्याने म्हणाला, "काय रे, माझी गाडी पळत होती का पार्किंगला लावली होती? चाकं बघा, जागची हललेली नाहीत!"

सगळे हसले. शिष्य लाजाळू होता. त्याचे कान तापले. दोष खरा होता. फार झटकन टिपलं, तर धावती गाडीही उभी दिसते. वेग दाखवायचा तर गाडीच्याच गतीने कॅमेरा फिरवत टिपावं लागतं. मग गाडी रेखीव उमटते आणि मागचं जग फराट्यांसारखं पुसट होतं.

दुपारभर तो वळणावर दात-ओठ खात उभा राहिला. इतर गाड्या त्याने सोडून दिल्या. लाल गाडी आली की तेवढी मान फिरवायची. 'थांब, दाखवतोच तुला.' शेवटी एका फेरीत लागोपाठ सहा फोटो टिपले, त्यातला एक साधला. गाडी बाणासारखी, बाकी सगळं वितळलेलं. व्यापारीही म्हणाला, "हा मात्र दिवाणखान्यात लावतो!"

त्याच फेरीत वळणापलीकडे एक मोटारसायकलस्वार घसरून पडला होता. लाल गाडी वेग कमी न करता त्याच्या अंगावरच गेली. तो उडी मारून वाचला, मोटारसायकल चिरडली. व्यापारी गाडीतून उतरून उलट ओरडला, "निशाण दाखवलंच नाही! म्हातारा झोपला होता." वळणावर धोक्याचं पिवळं निशाण दाखवणाऱ्या माणसाला तिथल्या तिथे सांगण्यात आलं, उद्यापासून येऊ नकोस. शिष्याने हे ऐकलं. पण त्याच्या डोक्यात आपलाच फोटो होता.

संध्याकाळी स्टुडिओत त्याने तो फोटो छापून गुरूंपुढे ठेवला. गुरूंनी बराच वेळ पाहिला. मग कात्री घेतली, गाडी कडेकडेने कापून काढली आणि उरलेला भोकाचा कागद शिष्याच्या हातात दिला.

"मास्तर!" शिष्य पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडला. "आयुष्यात एक फोटो जमला होता माझा!"

"भोकाच्या पुढे तो पिवळा फराटा कसला?"

"मागचं काहीतरी. पुसट झालंय."

"तो माणूस आहे, पिवळं निशाण धरलेला. भिवा. बावीस वर्षं त्याच वळणावर उभा आहे. सकाळी त्याच्या डब्यातली भाकरी खाल्लीस ना? मी गाड्या उभ्या करतात तिकडे होतो, मला काही दिसलं नाही. तू त्याच्या समोर होतास."

शिष्याने कागद दिव्याखाली धरला. गाडी यायच्या आधीच निशाण बाहेर आलेलं होतं.

"ज्याच्यामागे मान फिरवशील," गुरू म्हणाले, "तोच स्पष्ट दिसणार. बाकीची माणसं फराटा होतात. तुझा दिवसभराचा राग एका टोमण्यामागे फिरला. इकडे एका म्हाताऱ्याला खोटं पाडून हाकललं, त्याचा तुला राग आला नाही."

"मग काय करू? राग सोडून देऊ?"

"सोडतोस कशाला? चांगला धगधगीत राग आहे. त्याची मान वळव."

तो शिष्य मीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या फेरीचे सहाही फोटो छापून मैदानाच्या कचेरीत गेलो आणि साहेबांच्या टेबलावर ओळीने मांडले. पहिल्यातच पिवळं निशाण होतं, आणि गाडी अजून लांब होती. त्यावर बोट ठेवून म्हणालो, "हे भिवाअण्णा. ते झोपले नव्हते."

साहेब म्हणाले, "लाल गाडीवाले शेठ तुला परत इथे कॅमेरा लावू देणार नाहीत, कळतंय ना?"

"कळतंय."

त्यांनी पुन्हा एकेक फोटो पाहिला. मग शिपायाला हाक मारून भिवाअण्णांना घरून आणायला पाठवलं. मला म्हणाले, बस.

मी बसलो नाही. अण्णा येईपर्यंत उभाच राहिलो. राग अजून होताच.