डागाला भ्यालं कोण

त्या साली जहागिरीत डांग्या खोकल्याची साथ आली, तेव्हा जहागीरदारांनी हुकूम काढला की खोकणारं प्रत्येक मूल दरबारी वैद्य त्र्यंबकशास्त्र्यांकडून डागून घ्यावं. शास्त्रीबुवा तापलेली सळई मुलाच्या पोटावर टेकवीत. मूल वाचलं तर तो त्यांचा हातगुण, गेलं तर त्याचं नशीब.

कोष्टी आळीतल्या सुंद्राबाईनं याच साथीत दोन मुलं डागून घेतली होती. दोन्ही गेली. तिसरी मुलगी खोकायला लागली तशी तिनं दार लावून घेतलं. शेवटी शिपाई तिला मुलीसकट सदरेवर घेऊन आले.

"हुकूम का मोडलास?" जहागीरदारांनी विचारलं.

शास्त्रीबुवाच मध्ये बोलले, "अडाणी बाई आहे, सरकार. लाल सळई पाहिली की रोग भिऊन अंगातून पळतो, हे तिला कुठून कळणार?"

मुलीपाशी जागून जागून सुंद्राबाई इतकी थकली होती की तिला रडूही येईना. ती हळू आवाजात म्हणाली, "बुवा, तुमची सळई मी दोनदा पाहिली. दोन्ही वेळा भिऊन पळाली ती माझी पोरं. रोग कुठंच गेला नाही. तो माझ्याच घरात राहिला, आणि आता हिला धरून बसलाय."

जहागीरदारांनी त्या खोकणाऱ्या मुलीकडे पाहिलं. मग त्यांनी हुकूम मागे घेतला.

मुलगी दोन महिने खोकली आणि हळूहळू बरी झाली. ती पहिल्यांदा न खोकता जेवली, त्या दुपारी सुंद्राबाई आडवी झाली, ती दुसऱ्या दिवशी उजाडल्यावरच उठली.