भोकातला गोळा

विषय : सार्वजनिक वारुळाच्या भोकाच्या दुरुस्तीबाबत. अर्जदार : कुंभारीण माशी.

फार पूर्वी एका बागेच्या कडेला वाळव्यांचे वारूळ होते. त्यात कुणीही राहावे आणि कुणीही मातीची भर घालावी, असा उदार नियम होता. फक्त प्रत्येक गोळा आधी जागेवर लावून दाखवायचा. थोरल्या वाळवीने तो चाखून पसंत केला, की मग तो वारुळाचा.

एकदा वारुळाला भोक पडले. कुंभारीण माशीचे घरटे त्या भोकाखालच्याच भिंतीला आतल्या बाजूने होते आणि त्यात तिचे पिल्लू होते. तिने भोकात गोळा लावून अर्ज केला.

थोरलीने गोळा चाखला. "बाई, तुमची थुंकी परकी लागते. शिवाय कड फार गुळगुळीत आहे. आमच्यात असं नसतं."

"कड खडबडीत करते, थोरल्याबाई. पण आज पाटाला पाणी सुटणार आहे. भिंत ढासळली तर माझं पोर जाईल."

"घाई पाण्याला असते, आम्हाला नसते," म्हणून थोरली जेवायला गेली.

दुपारी पाट फुटला. पाणी भोकापर्यंत चढले, गोळ्यावर आदळले आणि ओसरले. माशीने घरट्याला डोके टेकले. आत पिल्लू वळवळत होते. तेव्हा कुठे तिने पंख मिटले.

थोरली पाहणीला आली. आतून भिंत कोरडी होती. "इथे गळतीच नाही. मग दुरुस्ती कशाची मंजूर करू?"

"नका करू. फक्त गोळा काढू नका."

"अर्ज प्रलंबित असताना कशालाही हात लावता येत नाही."

"मग राहू द्या प्रलंबित," माशी म्हणाली.

पिल्लू यथावकाश उडून गेले. अर्ज अद्याप प्रलंबित आहे.