सुगतच्या भावाचं भाषण

“…पण मी बोलू का नाही बोलू, तेवढं सांगा ना भन्तेजी.”

हे मी तिसऱ्यांदा विचारत होतो. भन्तेजी बुद्धविहाराच्या ओट्यावर बसून पांघरायच्या चीवराला टाके घालत होते. त्यांनी दोरा दातानं तोडला.

“पंक्चर काढतानाही एवढीच घाई करतोस काय, बाबू? मग गाड्या रोज परत येत असतील तुझ्याकडे.”

मला हसू आलं नाही.

माझा भाऊ सुगत जाऊन अडीच महिने झाले होते. नऊ वर्षांचा होता. तालुक्याच्या निवासी शाळेत त्यानं अंथरूण ओलं केलं म्हणून वॉर्डननं त्याला मारलं. पाठीवर, मांड्यांवर. मग ताप चढला. तीन दिवस त्याला कोणी दवाखान्यात नेलं नाही. चौथ्या दिवशी आम्हाला फोन आला.

नंतर मुंबईहून एक ताई घरी आल्या. लेकरांना होणारी मारहाण जगातून बंद व्हावी म्हणून त्यांची संस्था काम करते. आता नागपुरातली त्यांची मोठी सभा उद्यावर आली होती. सतरा देशांची माणसं येणार होती. ताई म्हणाल्या, काही देशांत आईबापानंही मुलावर हात उगारायचा नाही असा कायदा आहे. मला खरं वाटलं नाही. आपल्याकडेही तो यावा म्हणूनच ही सभा, आणि सुगतचा भाऊ बोलला तर लोक ऐकतील, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी एका कागदावर भाषण लिहून दिलं. मी लगेच हो म्हणालो. आईनं माझ्यासाठी नवा शर्ट घेतला.

त्या दिवसापासून माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. का, ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

“वाच बरं, काय लिहिलंय ते,” भन्तेजी म्हणाले.

मी चौथीनंतर टायरच्या दुकानात लागलो. अक्षरं जुळवायला मला वेळ लागतो. तरी उभा राहिलो, कागद धरला.

“कोणत्याही मुलावर, कोणत्याही घरात किंवा शाळेत होणाऱ्या हिंसेला संपूर्ण प्र… प्रति…”

“प्र… प्रति…” मागून आवाज आला.

भिंतीशी सम्यक बसला होता. सहा-सात वर्षांचा. विहारातल्या रविवारच्या वर्गाला सगळ्यांच्या आधी येऊन पाटीवर काहीतरी गिरवत होता. माझ्यासारखंच अडखळून दाखवून तो खुदकन हसला.

मी पुन्हा वाचलं. पुन्हा तिथंच अडकलो. तो पुन्हा तसंच म्हणाला.

“एवढ्या मोठ्याले वाचता येत नाही.”

मी त्याच्याकडे कधी गेलो आणि हात कधी उगारला, मलाच कळलं नाही.

तो पळाला नाही. रडलाही नाही. उठून उभा राहिला, पेन्सिल डाव्या हातात घेतली, उजवा तळवा चड्डीला पुसला आणि माझ्यापुढे धरला. डोळे घट्ट मिटून घेतले.

…

माझा हात न मारताच खाली आला. मी मागे सरकत ओट्यापाशी गेलो आणि त्याच्याकडे पाठ करून भन्तेजींसमोर बसलो.

त्यांनी सुई चीवरात खोचून ठेवली.

“आता सांग. इतके दिवस काय गिळून बसला आहेस?”

मग मी सांगितलं.

आमच्या गावाकडे मूल नव्या शाळेत घालायला नेलं की घरचा कर्ता माणूस मास्तरच्या हातात छडी देतो. बापाच्या वेळी आज्यानं दिली, माझ्या वेळी बापानं. आता बाप नाही, कर्ता मीच. छडीसाठी नाल्याकाठच्या निरगुडीचा फोक मी स्वतः तोडला. गाठी काचेनं तासल्या. तेल चोळलं. लेकराच्या अंगावर ओरखडा उठू नये म्हणून दोन दिवस घासत होतो. निवासी शाळेत मी ती छडी वॉर्डनच्या हातात दिली. त्यानं ती हवेत फिरवून पाहिली आणि म्हणाला, अशी कोणी आणली नव्हती. मला भारी वाटलं. सुगत तेव्हा माझं बोट धरून उभा होता.

दिवाळीच्या आधी तो पळून घरी आला. सदरा वर करून पाठ दाखवू लागला. मी पाहिली नाही. शिकायला नको म्हणून नाटकं करतो, असं म्हणून एक थोबाडीत दिली आणि दुपारच्या एसटीनं परत नेऊन सोडला.

“पोलिसांनी मले ती छडी दाखवली, भन्तेजी. प्लास्टिकच्या पिशवीत होती. ओळखतो काय, म्हणून विचारलं.”

“मग?”

“नाही म्हटलं.”



आईलाही हे ठाऊक नाही, मी म्हणालो. ठाण्यासमोर सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडलो होतो, वॉर्डनला फाशी द्या म्हणून. ताईंच्या कागदात वॉर्डन आहे, शाळा आहे, सरकार आहे. मी कुठंच नाही. खरं सांगितलं तर आई पुन्हा माझं तोंड पाहणार नाही. कागदावरचं वाचलं तर सुगत… मी उद्या जातच नाही. ताप आला म्हणून कळवतो.

एवढं बोललो आणि मला रडू फुटलं. अडीच महिन्यांत रडलो नव्हतो. डोकं गुडघ्यांत घालून किती वेळ रडत होतो, माहीत नाही. त्या रडण्यात मला बाकी काही ऐकू येत नव्हतं, काही दिसत नव्हतं. डोळ्यांपुढे फक्त मीच होतो.

शेवटी शर्टाला नाक पुसलं.

“आता तरी बोला, भन्तेजी. सगळं सांगून टाकू का गप्प बसू? माझं काय होईल?”

…

भन्तेजी माझ्याकडे पाहतच नव्हते. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे भिंतीकडे लागलेली होती.

“तुझं नंतर बघू,” ते हळूच म्हणाले. “तो अजून हात पुढे धरून उभा आहे.”