त्रेसष्टावं मिनिट

“वस्ताद, आकडे काय खोटे आहेत का?”

संग्रामनं वही पुढं सरकवली. कोल्हापुरातल्या तालमीच्या फुटबॉल संघाचा हा बचावपटू. संख्याशास्त्र शिकलेला, आणि त्याचा माज असा, की समोरच्याला बोलूच द्यायचा नाही. उद्या फायनल होती. गोलकीपर अश्पाकला बाहेर बसवा, असा त्यानं हेका धरला होता.

वस्ताद म्हणजे वीस वर्षं त्याच गोलमध्ये उभा राहिलेला म्हातारा. हाताचं एक बोट सरळ नाही.

“न्हाईत खोटे. वाच.”

“गोलवर चाळीस फटके आले. अंतर, कोन, जोर, सगळं बघून एकेक मांडलाय. साध्या कीपरनं दहा गोल खाल्ले असते. यानं सोळा खाल्ले. सहा जास्तीचे!”

“कुठल्या अंगानं गेले?”

“डाव्या!” संग्रामला चेव आला. “सहाच्या सहा त्याच्या डावीकडनं. नुसता खांबासारखा उभा असतो बघा!”

“कधीपास्नं?”

पानं उलटली. “चौथ्या मॅचनंतर. तोवर चांगला होता की.”

“त्या चौथ्या मॅचला, त्रेसष्टाव्या मिनिटाला काय लिवलंयस?”

“काहीच नाही. फटकाच झाला नव्हता.”

“का झाला न्हाई?”

संग्रामनं ते पान पुन्हा बघितलं.

आठवलं त्याला. बॉल त्याच्याच पायातून निसटला होता. समोरचा फॉरवर्ड एकटा सुटला, आणि अश्पाकनं थेट त्याच्या पायावर उडी घेतली. बूट तोंडावर बसला. पाणी मारून गडी हसत उठला. ‘सुटलो बाबा,’ एवढंच संग्रामच्या मनात आलं होतं.

वस्ताद उठले. आपला वाकडा पंजा त्यांनी संग्रामच्या डाव्या डोळ्यावर ठेवला. दाबला नाही, काढलाही नाही.

“मला कालच कळलं. डॉक्टर म्हणतोय, त्याचा हा डोळा गेला.”

संग्रामनं वही ओढून घेतली.

“वस्ताद... फाडतो मी ही वही. खेळू दे त्याला.”

“कशाला फाडतोस? आकडा बरोबर हाय तुझा. उद्याच्या संघातनं नाव काढलंय मी त्याचं.”

“त्याला... उद्या बाहेर बसायचंय म्हणून सांगितलं कुणी?”

“तू सांगायचंस.” वस्तादांनी हात काढून घेतला. “आणि जाशील तवा उजव्या अंगानं जा. डावीकडनं गेलास तर तू त्याला दिसणार न्हाईस.”