चाकवताच्या कोवळ्या दांड्या

“आता आणखी काय सोडू, बुवा?”

रेवणबुवा मठाच्या ओसरीवर चाकवत निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

विश्राम केंजळे सांगत राहिले. बायको सगुणाबाई गेल्या तेव्हा गयेला पिंड देऊन त्यांनी रीतीप्रमाणे आवडती भाजी सोडली होती. चाकवत. सगुणाबाई परसात लावायच्या तो. पुढं प्रत्येक तीर्थाला एकेक सुटत गेलं. मेथी, पडवळ, दोडका, पेरू, डाळिंबसुद्धा. आता ताटात भाकरी आणि लोणचं उरलं होतं. हिरड्यांतून रक्त यायचं, मठाचा चढ चढताना गुडघे कापायचे. रोज पालेभाजी आणि फळ पोटात गेलं नाही तर पुढचं मी सांगत नाही, असं वैद्यांनी बजावलं होतं.

विश्रामना त्याचं वाईट वाटत नव्हतं. उलट आता तरी बुवा दीक्षा देतील, अशी आशा होती.

“लोणचं नाही सोडलंत?”

“ते रीतीत बसत नाही, बुवा. भाजी नाहीतर फळच सोडायचं असतं.”

बुवा हसले. सूप त्यांनी विश्रामपुढं सरकवलं.

“निवडा.”

“मला चाकवत चालत नाही...”

“खा कुठं म्हटलं?”

विश्राम खाली बसले. बोटं आपोआप चालू लागली. पिवळं पान बाजूला, जाड देठ बाजूला, कोवळी दांडी पानांत. देठ मोडला की ओला, हिरवा वास यायचा. मागचं दार, भिजलेला पदर, त्याच सुपात येणारा तिचा हात. कोवळी दांडी टाकू नका हो, गोडवा त्यातच असतो, म्हणून ती रागवायची.

सूप डोळ्यांपुढं पुसट झालं.

“दांड्या ठेवल्यात,” बुवा म्हणाले. “कुणी शिकवलं?”

“तिनं.”

“मग गयेला काय सोडून आलात?”

...

भाजी शिजली. बुवांनी ताक घालून घोटली, वर लसणीची फोडणी दिली. भाकरी, भाजीची वाटी आणि पेरूची फोड त्यांनी विश्रामपुढं ठेवली.

विश्रामचा हात वाटीपर्यंत गेला आणि थांबला.

“शब्द दिलाय, बुवा. मोडला तर तिला काय वाटेल?”

बुवा आपलं ताट घेऊन समोर बसले.

“जेवताना विचारा तिला. रोज.”